विषय: सोबती फॉर्म, धर्माचा कॉलम ठेवायचा का काढायचा (आज रात्रीपर्यंत सांगा)

प्रेषक: बेबीताई

मंडळी, वेळ नाहीये. शनिवारी नव्याने आलेल्या निर्वासित घरांशी मंडळातल्या सोबत्यांच्या जोड्या लावायच्यात आणि आपला फॉर्म अजून तळ्यात मळ्यात. मागच्या वेळचाच फॉर्म पुढे चालवलाय, त्यात "धर्म" हा कॉलम तसाच राहिलाय, शेजारी लाल चांदणी, म्हणजे तो भरल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. 19 घरांनी भरलाय. त्यातल्या दोघांनी तिथे नुसती रेघ टाकलीये आणि एका बाईंनी काल फोन करून विचारलं की हे कोणाकोणाला दिसतं. मला पटकन उत्तर देता आलं नाही कारण खरंच माहीत नव्हतं. बंड्या, कोणाकोणाला दिसतं रे?

बाकीच्यांनी ठेवा किंवा काढा एवढंच लिहा, निबंध नको. (आप्पा, तुम्हाला म्हणून नाही लिहिलेलं.)

बेबी

प्रेषक: बंड्या
विषय: पुन्हा: सोबती फॉर्म

ज्याच्याकडे शीटची लिंक आहे त्या सगळ्यांना दिसतं. लिंक याच लिस्टवर टाकली होती. म्हणजे आपण सगळे, आणि ज्यांनी पुढे फॉरवर्ड केली असेल ते सगळे.

लिंक आत्ता बंद केली. आणि एक सांगतो, फॉर्म मी बनवला पण कॉलम मी ठरवले नाहीत. यादी आप्पांनी कागदावर लिहून दिली होती, तो कागद अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

प्रेषक: आप्पा
विषय: पुन्हा: पुन्हा: सोबती फॉर्म

सर्वांना नमस्कार,

कागद माझाच, नाकारत नाही. पण तो रकाना का घातला हे विसरलेलं दिसतंय, म्हणून निबंधाचा आरोप पत्करून लिहितो. मागे एकदा आपण दुपारचा मेळावा ठेवला, खुर्च्या मांडल्या, आणि आलं कोण तर आपणच. रमजान चालू होता आणि कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. हिजरी वर्ष साधारण 354 दिवसांचं, त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, आदल्या वर्षीची तारीख बघून काही कळत नाही. त्याआधी एकदा 7 जानेवारीला बोलावलं तर एरिट्रियाच्या घरांचा तोच नाताळ निघाला. दोन्ही वेळा दिलगिरीचे फोन कोणी केले? मी केले. तेव्हा ठरवलं की आधीच विचारून घ्यावं. यात कोणाचा अपमान कसा होतो ते मला कोणीतरी समजावून सांगावं.

दुसरं म्हणजे, सोबती देताना त्यातल्या त्यात जुळणारा द्यावा, एका श्रद्धेची माणसं लवकर मोकळी होतात.

माझं मत: ठेवा.

आप्पा

प्रेषक: मिनूताई
विषय: पुन्हा: पुन्हा: पुन्हा: सोबती फॉर्म

आप्पा, तुमचा हेतू चांगला आहे याबद्दल वादच नाही, पण मी रोज याच लोकांबरोबर काम करते म्हणून सांगते, तुमचा दुसरा मुद्दा बरोबर उलटा पडतो. कित्येकदा माणूस स्वतःच्याच धर्माच्या, स्वतःचीच भाषा बोलणाऱ्या माणसापासून पळून आलेला असतो. एक गट सत्तेत, दुसरा तुरुंगात, दोघांचा धर्म कागदावर एकच. परक्या देशात आपल्या भाषेतलं कोणी भेटलं की आपल्याला आनंद होतो, त्यांच्या पोटात गोळा येतो, हा कोणाला काय कळवेल म्हणून. दुभाषी ठरवताना आम्ही हे आधी विचारतो. (आणि लहान मुलांना दुभाषी करू नका हो, मागच्या वेळी आठ वर्षांची पोर आईच्या आजाराचं भाषांतर करत उभी होती, मलाच लाज वाटली.)

शिवाय त्या कॉलममध्ये लिहायचं काय? इराणमधून आलेला माणूस बहाई असेल, किंवा धर्म बदललेला असेल, किंवा कशावरच विश्वास नसलेला असेल आणि घरच्यांना ते माहीत नसेल. इराकचा म्हणजे मुसलमान असं धरून चालतो आपण, तो यझिदी निघतो, ख्रिश्चन निघतो. निर्वासित कोणाला म्हणायचं याची जी व्याख्या 1951 च्या जिनिव्हाच्या करारात आहे तिच्यात छळाची पाच कारणं आहेत, वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट आणि राजकीय मत. म्हणजे ज्या गोष्टीपायी घरदार सोडलं तीच आपण पहिल्या पानावर लाल चांदणी लावून विचारतोय.

काढा.

प्रेषक: खजिनदार नाना
विषय: पुन्हा: पुन्हा: पुन्हा: पुन्हा: सोबती फॉर्म

हॉलची किल्ली कोणाकडे आहे ते आधी सांगा. मागच्या कार्यक्रमानंतर माझ्याकडे परत आलेली नाही.

कॉलमबद्दल: मी म्हणतो ठेवा, आणि उपयोग पण करा. अफगाणिस्तानातून शीख आणि हिंदू कुटुंबं पण बाहेर पडलीत, मंडळाची माणसं मोजकी, तर आधी आपल्या माणसांना सोबती मिळावा, मग उरले तर इतरांना. यात गैर काय? जगभरातल्यांना आपण कुठवर पुरणार? आणि आपण इथे आलो तेव्हा आपल्याला कोणी सोबती दिला होता का, आपण पण बाहेरूनच आलो ना.

प्रेषक: मिनूताई

फक्त नानांच्या शेवटच्या वाक्याला उत्तर. आपण आलो ते व्हिसा घेऊन, नाही जमलं तर परत जाता येत होतं, पासपोर्ट संपला की वकिलातीत जाऊन रांगेत उभे राहत होतो. आश्रय मागणारा माणूस स्वतःच्या देशाच्या वकिलातीच्या दारात जाऊ शकत नाही. गेला तर यांना त्या सरकारची भीती कसली असा प्रश्न त्याच्या अर्जावर उभा राहू शकतो, आणि मागे राहिलेल्या माणसांना त्रास होतो तो वेगळाच. स्थलांतरित आणि निर्वासित यात फरक आहे तो हा.

आणि जगभरातल्यांना कोणी बोलावलंच नाहीये. 2024 च्या अखेरीस घर सोडावं लागलेली माणसं 12 कोटी 32 लाख होती, त्यातली निम्म्याहून जास्त आपल्याच देशात विस्थापित. देशाबाहेर पडलेल्यांतली बहुतेक शेजारच्याच देशांत थांबतात. आपल्याकडे 19 घरं आलीत, नाना. एकोणीस.

प्रेषक: आप्पा
विषय: आपली माणसं

नाना, रकान्याच्या बाजूने मी आहे, पण तुम्ही तो ज्याकरता वापरायला निघालात त्याकरता मी तो घातला नव्हता, हे नोंदवून ठेवतो.

कोल्हापूरजवळ वळिवड्याला 1943 ते 1948 पोलिश निर्वासितांची छावणी होती, पाच हजारांच्या आसपास माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत राजवटीने त्यांना सायबेरियाकडे हाकललं होतं, तिथून सुटून इराणमार्गे हिंदुस्थानात आली. कॅथलिक. मराठीचा गंध नाही. छावणीत त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं. ती कोणाची "आपली" होती? मुलं तिथेच वाढली आणि म्हातारपणी पुन्हा वळिवडं बघायला येत राहिली.

किल्ली माझ्याकडे नाही.

प्रेषक: छोटू

आप्पा काका भारी. पण मग कॉलम काढाच ना! यादी करणाऱ्याचा हेतू चांगला होता म्हणून ती यादी पुढे चांगल्याच हातात राहील असं थोडंच असतं. हॉलंडमध्ये लोकसंख्येच्या नोंदी फार व्यवस्थित ठेवलेल्या होत्या, धर्मासकट, कारभार नीट चालावा म्हणूनच. जर्मन आले आणि ज्यू कुठे राहतात हे त्यांना तयार मिळालं. शेवटी 27 मार्च 1943 ला काही लोकांनी अ‍ॅमस्टरडॅमचं नोंदणी कार्यालयच उडवलं, त्यांच्यातला पुढारी चित्रकार होता, विलेम अरोंडेउस. त्यात पण गंमत बघा (गंमत नाहीये खरं तर), कार्डं इतकी गच्च रचलेली होती की बरीचशी जळलीच नाहीत. अग्निशमनवाल्यांनी मुद्दाम पाण्याचा मारा जास्त केला म्हणे, कागद निदान भिजून तरी जावेत म्हणून. पुढे गट पकडला गेला आणि अरोंडेउससकट बऱ्याच जणांना गोळ्या घातल्या.

आपली शीट तर लिंकवर उघडी होती.

प्रेषक: खजिनदार नाना

एका गूगल शीटवरून डायरेक्ट हिटलरपर्यंत. धन्य.

प्रेषक: छकुली
विषय: पुन्हा: आपली माणसं (थोडं वेगळं)

मी ठेवा काढा काहीच म्हणत नाहीये, सासूबाई (माई) सांगतायत ते टाइप करतेय. मागच्या फेरीत माईंची जोडी अफगाणिस्तानातल्या हेरातच्या एका आजींशी लागली होती, चुकून, कारण बेबीताईंनी यादीत वरून खाली रेघा मारल्या होत्या. माईंना इंग्रजी बेताचं, आजींना शून्य, दोघी पहिला अर्धा तास एकमेकींकडे बघून हसत बसल्या. मग आजींनी दाराकडे बोट करून दरवाजा म्हटलं आणि माई ओरडल्याच, अगोबाई दरवाजा! मग सुटल्याच दोघी, पडदा, मैदान, जमीन, बाग, शहर, हवा, तराजू, साबण, कागद, एकीने बोट दाखवायचं दुसरीने म्हणायचं, निम्म्याच्या वर जुळले. हप्त्याला मात्र अडकल्या कारण त्यांच्यात हप्ता म्हणजे आठवडा आणि माईंच्या डोक्यात वसुली, आजी दर हप्त्याला येईन म्हणाल्या तर माई घाबरल्या.

माई म्हणतात, लिही, की ती बाई नमाज पढायला उठली तेव्हा मी विचारलं कुठली दिशा, फोनमध्ये बघून दिली, आणि तिने नंतर माझी जपमाळ हातात घेऊन मणी मोजले, तिच्या माळेचे 99, माझे 108, एवढं एक जुळलं नाही. फॉर्ममध्ये धर्म भरला होता का ते माहीत नाही. मी तर नव्हता भरला, सोबत्यांच्या फॉर्ममध्ये तो कॉलमच नव्हता.

(हे शेवटचं मी चेक केलं. खरंच नाहीये. आपल्याला कोणी विचारलेलं नाही, फक्त त्यांना विचारलंय.)

प्रेषक: आप्पा
विषय: फारसी शब्द

माईंना नमस्कार सांगा. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंतांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो याच फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी. तरी कायदा, अर्ज, सरकार कुठे गेले? आपल्या नानांचं पद खजिनदार, तेही तिकडचंच.

सोबत्यांच्या फॉर्मवर रकाना नाही हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. यावर विचार करतो.

प्रेषक: खजिनदार नाना

मला कोषाध्यक्ष म्हणा, माझी हरकत नाही. किल्ली?

प्रेषक: बंड्या
विषय: पुन्हा: सोबती फॉर्म, कामाचं

फॉर्म उघडलाच आहे तर अजून दोन चुका सांगून टाकतो, कोणी बघत नाही म्हणून राहून जातात.

एक, आडनाव कंपल्सरी आहे. बऱ्याच अफगाण लोकांना एकच नाव असतं, त्यामुळे लोकांनी तेच नाव दोनदा लिहिलंय, कोणी गावाचं नाव लिहिलंय. शीटमध्ये नवराबायको दोन वेगळ्या कुटुंबांत गेलेत.

दोन, जन्मतारीख. 19 पैकी 7 घरांत कोणाची ना कोणाची 1 जानेवारी आहे. मला वाटलं फॉर्ममध्ये बग आहे, दोन रात्री शोधत बसलो. मिनूताईंनी सांगितलं की जिथे जन्माची नोंदच होत नाही तिथल्या माणसाला कागदपत्रं करताना अधिकारी 1 जानेवारी टाकून देतात. आपल्याला जन्मतारीख हवीये कशाला? वाढदिवसाचे मेल पाठवायला ठेवली होती, ते मेल आपण कोणालाच कधी पाठवलेले नाहीत.

मी दोन्ही काढतोय. धर्माचं तुम्ही ठरवा, घड्याळ बघा.

प्रेषक: मिनूताई

आप्पांची अडचण खरी आहे ना, मग अडचणच विचारू. धर्म कशाला. "कुठले दिवस किंवा वेळा जमणार नाहीत?" "शांत खोली हवी का?" "सोबती बाई असावी का पुरुष, का कोणीही चालेल?" एवढ्याने भागतं. सणांच्या तारखा कॅलेंडरात आपण घालायच्या, सगळ्यांच्याच, त्याला कोणाला काही विचारावं लागत नाही. आणि पुरुषांनी घरच्या बायकांचा फॉर्म भरलाय असं दिसतंय, तर तिसरा प्रश्न बाईंना वेगळा फोन करून विचारा.

कोणी काय भोगलं हे पहिल्या भेटीत खोदून विचारू नका, सांगायचं असेल तर सांगतील. तीच हकीगत त्यांनी अधिकाऱ्यांपुढे आधीच कितीदा सांगितलेली असते, तारखा जरा इकडेतिकडे झाल्या तरी उलटतपासणी होते. आपण गप्पांना जातोय, मुलाखतीला नाही. फोटो पण विचारल्याशिवाय नको, मंडळाच्या पेजवर तर नकोच, मागे राहिलेल्यांवर ते शेकतं.

प्रेषक: आप्पा

तिन्ही प्रश्न मान्य. "शांत खोली" च्या जागी "प्रार्थनेसाठी अथवा विसाव्यासाठी खोली" असं लिहावं, नाहीतर लोकांना वाटेल आपण हॉलमध्ये फार गोंगाट करतो. जो आपण करतो. कॅलेंडर मी करतो, ते काम दुसऱ्या कोणी अंगावर घेऊ नये.

रकाना काढा.

प्रेषक: बेबीताई
विषय: झालं

काढा जास्त. नाना एकटे ठेवा. बंड्या, कॉलम काढ आणि आधीच्या 19 नोंदींमधलं पण पुसून टाक, नुसतं लपवू नकोस. फोन करणाऱ्या बाईंना मी आज सांगते की पुसलं.

प्रेषक: बंड्या

पुसलं. शीटची जुनी व्हर्जन राहतात म्हणून नवीन शीट केली आणि जुनी उडवली, ट्रॅशमधून पण. नवीन फक्त बेबीताई आणि मिनूताईंना दिसते. मला पण दिसत नाही आता, काही बिघडलं तर मला विचारू नका.

प्रेषक: खजिनदार नाना

किल्ली सापडली. गाडीच्या डिकीत होती, मागच्या कार्यक्रमाच्या पिशवीत. त्याच पिशवीत जुन्या यादीचे प्रिंटआउट पण आहेत, सगळ्या कॉलमसकट, पाच-सहा प्रती. फाडू का?

प्रेषक: बेबीताई

नाना, फाडून कचऱ्यात टाकू नका. पिशवी तशीच बंद करून आत्ता माझ्याकडे घेऊन या, श्रेडर आहे. आणि सहावी प्रत कोणी घरी नेली होती का ते आठवा.

प्रेषक: आप्पा

माझ्याकडे एक आहे. पाठकोऱ्या कागदाची वही करतो ना मी, त्यात लागली. आणतो.