मदत हवी आहे: आठ महिन्यांच्या लेकीच्या आतड्याला जन्मजात गाठ, ऑपरेशन आत्ताच करावं का?

लेकीची_आई
नमस्कार. पोस्ट लांबली आहे, सांभाळून घ्या.

मला आठवा महिना होता तेव्हाच्या सोनोग्राफीत बाळाच्या पोटात पाण्याची गाठ दिसली होती. मुलगा की मुलगी हे सांगायचं नसतं, त्यामुळे डॉक्टरही मोघमच बोलले, ‘जन्मानंतर बघू.’ मुलगी झाली, मग म्हणाले अंडाशयाची असेल, अशा गाठी बहुतेक आपोआप विरतात. विरली नाही. तिसऱ्या महिन्यात अडीच सेंटिमीटर होती, गेल्या आठवड्यात साडेतीन. दोन्ही अंडाशयं वेगळी, नीट दिसली. गाठीच्या भिंतीला मात्र आतड्यासारखे थर आहेत. निदान: लहान आतड्याच्या शेवटच्या भागाला ड्युप्लिकेशन सिस्ट, म्हणजे आतड्याला जोडून जन्मतःच तयार झालेली आतड्यासारखीच जादा पिशवी.

लहान मुलांचे सर्जन म्हणतात, काढून टाका. पण लेक खिदळतेय, साडेसात किलोची आहे, वाटीभर नाचणीची पेज संपवते. सासूबाई म्हणतात, ‘खात्यापित्या पोरीच्या पोटाला कात्री कशाला?’ खरं सांगू, मलाही तसंच वाटतं. परवा रात्री तासभर रडली, बेंबीला हिंग लावला, झोपली. तेव्हापासून ती रडली की माझं लक्ष घड्याळाकडे.

दीड-दोन वर्षांची होईपर्यंत थांबलं तर काय होऊ शकतं? आणि आतड्याचा तुकडाच काढणार म्हणतात, नुसती गाठ सोलून निघत नाही का?

बार्शीकर
ताई, आम्हाला गाठ आहे हेच माहीत नव्हतं. मुलगा अकरा महिन्यांचा. पाय पोटाशी घेऊन किंचाळायचा, पाच मिनिटांत गप्प, पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा तेच. मधल्या वेळात मलूल. दात येतायत म्हणून आम्ही अर्धा दिवस घालवला (गुटीसुद्धा उगाळून दिली, आठवलं की लाज वाटते). संध्याकाळी लंगोट बदलताना शीऐवजी लाल जेलीसारखं काहीतरी. आतड्यात आतडं शिरलं होतं. शीच्या जागेतून सलाइनचा दाब देऊन सोडवलं, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा शिरलं. पोट उघडल्यावर कळलं, बोराएवढी गाठ. तिच्यामुळेच आतडं सारखं आत ओढलं जात होतं. आता साडेतीन वर्षांचा आहे, भाकरीसोबत ठेचा मागतो. पण रात्री दोनला धावत केलेलं ऑपरेशन आम्ही पाहिलंय. तुम्हाला तारीख ठरवून करता येतंय, एवढंच सांगेन.

निवासी_डॉक्टर
लहान मुलांच्या सर्जरी विभागात शिकतोय. रिपोर्ट न पाहता सल्ला देणार नाही, प्रश्नांपुरतं लिहितो.

ही गाठ आतड्याला बाहेरून चिकटलेली नसते. दोघांची स्नायूंची भिंत सामाईक, रक्तपुरवठाही सामाईक. सोलायला गेलं तर शेजारच्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटतो, म्हणून तेवढा तुकडा काढून दोन टोकं जोडतात. एवढ्याशा तुकड्याने पचनाला सहसा फरक पडत नाही.

थांबण्याबद्दल: बार्शीकरांनी लिहिलं ते एक. गाठीच्या भाराने आतड्याला पीळ पडू शकतो, ती फुगून आतडं दाबू शकते. शिवाय काही गाठींना आतून जठराचं अस्तर असतं. तिथे आम्ल पाझरतं आणि आतड्याला ते सोसत नाही. व्रण होतो, काळी किंवा लाल शी होते, बाळ पांढरं पडत जातं, कधी भोकही पडतं. टेक्नेशियमच्या स्कॅनमध्ये (किंचित किरणोत्सर्गी औषध शिरेतून देऊन करतात तो) हे अस्तर दिसू शकतं, पण स्कॅनमध्ये काही आलं नाही म्हणून गाठ निरुपद्रवी ठरत नाही. बहुतेक गाठी पहिल्या दोन वर्षांतच त्रास देतात, म्हणजे तुम्ही थांबायचं म्हणताय नेमका तोच काळ.

हिरवी उलटी झाली तर सकाळची वाट पाहू नका. लहान मुलांचं ऑपरेशन होतं अशाच ठिकाणी जा, वाटेत काही पाजू नका.

निसर्गमित्र
गाठीवर आमच्याकडे एक काढा आहे, एकवीस दिवसांत विरघळते.

निवासी_डॉक्टर
अंडाशयाची पाण्याची गाठ काढ्याशिवायही विरते. ही काढ्यानेही विरत नाही.

चहाबाज
खर्चाचं: रुग्णालय महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आहे का, हे ऑपरेशन त्यात बसतं का, ते भरती व्हायच्या आधीच तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड आणि बाळाचा जन्मदाखला जवळ ठेवा. मुंबई सोयीची असेल तर परळचं वाडिया खास मुलांचं आहे.

लेकीची_आई
सगळ्यांचे आभार. बार्शीकरदादांची पोस्ट सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवली. काही बोलल्या नाहीत, थोड्या वेळाने विचारलं, ‘तारीख कधीची?’ पुढच्या गुरुवारची घेतलीय. दुर्बिणीतून गाठ शोधून बेंबीपाशी छोट्या छेदातून आतडं बाहेर घेणार आहेत. आता एकच धास्ती. अंगावरचं दूध चार तास आधी बंद. तेवढा वेळ तिला रमवायचं कसं?

बार्शीकर
बाबांकडे द्या आणि तुम्ही दुसऱ्या खोलीत बसा. तुमच्या अंगाला दुधाचा वास येतो.