अनुभव धागा : गाडीवर उडालेला रंग

रानजाई

आज सकाळी दूध घ्यायला खाली उतरले आणि पार्किंगमध्ये थिनरचा वास आला. बी विंगच्या ग्रिल रंगवायला काढल्यात. त्या वासासरशी मी थेट २००३ च्या नाशिकमध्ये.

निवृत्तीला चार वर्षं उरली असताना बाबांनी आयुष्यातली पहिली गाडी घेतली. मारुती ८००, पांढरी, सेकंडहँड. शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर पत्र्याच्या शेडचं काम चाललं होतं. फॅब्रिकेशनवाल्यांनी लोखंडी अँगलना स्प्रे गनने रेड ऑक्साइड (गंज रोखणारा तांबडा रंग) मारला आणि वारा नेमका आमच्या बाजूला. संध्याकाळी बाबांनी सवयीने बोनेटवरून हात फिरवला आणि तसेच उभे राहिले. टपापासून डिकीपर्यंत तांबूस ठिपके, राईहून बारीक. त्यांना वाटलं, गंज आहे, विकणाऱ्याने फसवलं. तेवढंच म्हणाले आणि आत येऊन बसले. त्या रात्री जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकांनी पुढच्या काचेवरचे तसेच ठिपके दाखवले. काचेला कुठला गंज चढायला! मग उलगडा झाला.

कोणीतरी थिनर सुचवलं. बाबांनी डिकीच्या कोपऱ्यात फडकं फिरवलं, तर ठिपक्यांबरोबर पांढरा रंगही फडक्यावर आला. डिकी आधीच्या मालकाने रंगवून घेतली होती हे असं कळलं. मग टर्पेंटाइन आणि आईच्या जुन्या सुती साडीचे तुकडे. रोज ऑफिसातून आले की चहा आणि मग वीतभर जागा. आधी टप, मग बोनेट, मग दारं. मी बॅटरी धरून उभी. दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घातला तेव्हा फक्त दारांच्या काळ्या रबरावर ठिपके राहिले होते.

तुमच्या गाडीवर असा रंग उडालाय का? कसा काढलात? निघाला नसेल तर तेही लिहा.

सांगलीचा_वारा

"जेवले नाहीत" वाचून गलबललं. आमच्या नानांची लूना कोणी नुसती हलवून ठेवली तरी त्यांना कळायचं. बाकी नंतर लिहितो, कुकर लावलाय.

पत्रा_पुट्टी

माझं कोल्हापुरात डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. ताई, तुमच्या वडिलांनी कोपऱ्यात आधी लावून बघितलं हे फार बरं केलं. कंपनीतला रंग भट्टीत साधारण १४० अंशाला भाजलेला असतो, तो सहजासहजी विरघळत नाही. बाहेर साध्या एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगात टच-अप केलेला भाग थिनर लागला की सुटतो. गाडीचा कुठला भाग कधी रंगवलाय हे मालकालाच माहीत नसतं, म्हणून थिनरला हात लावूच नका असं मी सगळ्यांना सांगतो.

हवेतून उडालेला रंग येताना अर्धा वाळलेलाच असतो. म्हणून तो चिकटतो, पण आत मुरत नाही. आम्ही त्याला दाणा म्हणतो. हाताला पातळ प्लास्टिकची पिशवी घालून पत्र्यावरून फिरवा, डोळ्यांना न दिसणारा दाणाही लागतो. गाडी धुवा, शॅम्पूचं पाणी सढळ सोडा आणि क्ले बार (दाणा उचलणारी मऊ मातीची वडी) सरळ रेषेत, हलक्या हाताने फिरवा. गोल गोल नको. क्ले मळला की कणकेसारखा दुमडून स्वच्छ बाजू वर काढायची. खाली पडला तर सरळ फेकायचा, त्यात अडकलेला एक खडा सगळ्या बोनेटवर रेघा मारतो.

निम्म्याहून जास्त गाड्या एवढ्यावर साफ होतात. नाही झाल्या तर टर्पेंटाइन, मग रबिंग, म्हणजे कंपाउंड लावून घासणं. २००० चा वॉटर पेपर (पाण्यात घासायचा अगदी बारीक पॉलिश पेपर) अगदी शेवटी आणि ज्याचा हात बसलाय त्यानेच. रंगावरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, ४०-५० मायक्रॉनचा, डोक्याच्या केसाहून पातळ. एकदा घासून गेला की परत येत नाही.

निळी_ॲक्टिव्हा

थिनरबद्दल दादा म्हणतात ते खरं आहे. माझ्या भावाने स्विफ्टच्या हेडलाइटवर उडालेला रंग थिनरने पुसला. रंग निघाला, पण हेडलाइट कायमचा धुरकट. वर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा. हल्लीचे हेडलाइट काचेचे नसतात, पॉलीकार्बोनेटचे असतात, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. नवीन जोडीला जे पैसे गेले त्यात दोनदा पॉलिश झालं असतं.

धाकटी_पाती

ठाण्याची गोष्ट. आमची सोसायटी सोळा मजली. पावसाळा संपल्यावर बाहेरून रंग काढला. माझी राखाडी आय-१० नेमकी पेंटरच्या एका झुल्याखाली. मी त्या आठवड्यात सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी साताऱ्याला. वॉचमनने फोन केला, मला तो मिस्ड कॉल रात्री दिसला.

परत आले तर गाडी मोतिया ठिपक्यांनी भरलेली. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठरलं की पॉलिशचे ४,००० रुपये कंत्राटदार त्या पेंटरच्या मजुरीतून कापणार. तो पोरगा पंचविशीचा असेल. दोरावर लटकून दिवसभर रोलर फिरवायचा. खाली आला तेव्हा त्याच्या पापण्यांवरही तोच मोतिया रंग होता. "मॅडम, मी गाडीवर कापड टाकलं होतं, दुपारी वाऱ्याने उडालं" म्हणाला. आणि कापड खरंच कुंपणाला अडकलेलं होतं.

मी सेक्रेटरींना लिहून दिलं की माझी तक्रार नाही. रविवारी मी आणि तो, दोघांनी मिळून गाडी साफ केली. तो पाण्यातला इमल्शन रंग होता, आठवडा झाला होता, नुसत्या पाण्याने निघेना. मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं, निम्मं पाणी घातलं, ओलं फडकं मिनिटभर ठेवायचं आणि पुसायचं. सालीसारखा निघून यायला लागला. काचा त्याने नव्या ब्लेडने केल्या, ब्लेड आडवं धरून, साबणाचं पाणी लावून. हात इतका हलका होता त्याचा! दुपारी माझ्याकडेच जेवला. त्या दिवशी वांग्याचं भरीत होतं.

दगडफूल

ताई, नमस्कार तुम्हाला. त्या झुल्यावर कमरेचा पट्टा होता का हो? आमच्याकडे दोघे पट्ट्याशिवाय काम करत होते. मी काम थांबवायला सांगितलं तर बाकीचे सभासद माझ्यावरच चिडले.

धाकटी_पाती

@दगडफूल, पट्टा होता, पण तो झुल्याच्याच दोराला बांधलेला. म्हणजे झुल्याचा दोर तुटला तर पट्ट्याचा उपयोग शून्य. वेगळा दोर गच्चीवरून सोडावा लागतो. सेक्रेटरींच्या मागे लागून तो सोडायला लावला.

दगडफूल

हे मला माहीत नव्हतं. उद्याच गच्चीवर जाऊन बघतो.

हमरापूरची

आमच्या घरी उलटं आहे. आमचा गणपतीचा कारखाना, पेणजवळ. जूनपासून कॉम्प्रेसर बंद म्हणून होत नाही. अंगाचा रंग, पितांबराचा पिवळा, शेल्याचा गुलाबी, सगळं गनने. फक्त डोळ्यांची आखणी हाताने, ती सासरे करायचे. त्यांची बजाज एम-८० कारखान्याच्या दारात उभी असायची आणि सगळ्या हंगामाचा रंग तिच्या लेगशील्डवर बसायचा. विसर्जन झालं की कोमट पाणी आणि काथ्याने घासायचे. पाण्यातले रंग निघायचे, मोतिया चमक मात्र राहायची. २००५ च्या जुलैच्या पुरात कारखान्यात पाणी शिरलं तेव्हा रंगाच्या बरण्या त्यांनी एम-८० च्या सीटवर बांधून वरच्या आळीला नेल्या होत्या.

मागच्या वर्षी ते गेले. मुलगा म्हणाला, गाडी नीट रंगवून घेऊ. मी नको म्हटलं. मडगार्डवर पिवळ्याचे थर आहेत, ते तसेच राहू देत.

रानजाई

@हमरापूरची, काय लिहिलंत! दोनदा वाचलं.

टपरीवरचा_चहा

विषय रंगाचाच निघालाय म्हणून विचारतो, गच्चीचं वॉटरप्रूफिंग आधी करायचं की बाहेरचा रंग आधी?

पत्रा_पुट्टी

वॉटरप्रूफिंग आधी. ओल आतून आली की नवा रंग पोपडे धरून निघतो. पण हे मी गाडीवाला सांगतोय, घराच्या माणसाला विचारा.

रुळाकाठी

मी कल्याणला यार्डाच्या अंगाला राहते. आमच्याकडे कोणी रंग मारत नाही, तरी पांढऱ्या गाडीवर तांबूस ठिपके येतात. रानजाईंच्या बाबांसारखंच मला वाटतंय की पत्रा सडतोय. गाडी फक्त दीड वर्षाची आहे.

पत्रा_पुट्टी

@रुळाकाठी, पत्रा सडत नाही, काळजी सोडा. रेल्वेच्या ब्रेकचा आणि चाकांचा लोखंडी भुगा हवेतून येऊन रंगावर रुततो आणि तोच गंजतो. आयर्न रिमूव्हर नावाचं लिक्विड मिळतं. फवारलं की ठिपका जांभळा होऊन वाहतो. वास घाण येतो, नाकाला रुमाल बांधा. सावलीत करा, लिक्विड गाडीवर सुकू देऊ नका, भरपूर पाण्याने धुवा. उरलेलं क्लेने जाईल. वर्षातून दोनदा करत जा.

रुळाकाठी

जीव भांड्यात पडला. नवऱ्याला आत्ताच वाचून दाखवलं.

मधला_बाक

आत्ता पार्किंगमध्ये उभा राहून लिहितोय. सोसायटीच्या गेटला गनने काळा ऑइल पेंट मारलाय. माझी सिल्व्हर आल्टो, चार महिन्यांची, उजवी बाजू आणि बोनेट काळ्या तिळासारखं. काय करू? कव्हर घालून ठेवू का?

पत्रा_पुट्टी

कव्हर घालू नको, घासून पसरेल. गाडी उन्हातून सावलीत घे. रंग कधी मारला?

मधला_बाक

तासाभरापूर्वी संपलं. पेंटर अजून इथेच आहेत.

पत्रा_पुट्टी

मग तू नशीबवान आहेस. ऑइल पेंट कडक व्हायला दिवसभर जातो. त्यांच्याकडचंच टर्पेंटाइन माग, डबा वाचून घे, थिनर नको. आधी गाडीवर पाणी सोड, धूळ जाऊ दे. मग स्वच्छ मऊ फडकं टर्पेंटाइनमध्ये ओलं करून ठिपक्यावर टेकव, पाच-दहा सेकंद थांब आणि एकाच दिशेने उचल. फडक्याची बाजू सारखी बदल. दोन फूट झालं की शॅम्पूने धू. हेडलाइट आणि आरशाचं प्लास्टिक फक्त शॅम्पूने. खरखरीत काळ्या प्लास्टिकला जुना टूथब्रश, शॅम्पूच्याच पाण्यात. घाई करू नको.

वहीचं_पान

@मधला_बाक, सुरू करायच्या आधी फोटो काढून ठेव, तारीख-वेळेसकट, गेटचाही. आणि विम्याचा क्लेम करायच्या आधी हिशोब मांड. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि सलग पाच वर्षांनी ५० टक्के. एक क्लेम केला की नूतनीकरणाला तो शून्यावर येतो. माझा ४५ वर होता आणि मी ५,००० च्या पॉलिशसाठी तो घालवला. एजंटने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. अजून हळहळ वाटते.

सांगलीचा_वारा

कुकर झाला, जेवणं झाली. नानांच्या लूनाचं सांगायचं राहिलं. घराच्या दाराला हिरवा रंग देताना आम्ही पोरांनी तिच्या टाकीवर ब्रश झटकला होता. नाना काही बोलले नाहीत. रॉकेल आणि फडकं आमच्या हातात दिलं आणि शेजारी पाटावर बसून दाखवत राहिले, असं नाही, असं. मी आज माझी गाडी पुसतो तो हात त्यांचाच आहे.

रानजाई

सगळ्यांचं वाचतेय. मगाशी खाली जाऊन ग्रिलवाल्यांना विचारून आले, आमच्या रांगेतल्या सात गाड्यांपैकी चार हलवल्या, उरलेल्या तिन्ही गाड्यांचे मालक गावाला आहेत. वरून दोन जुन्या चादरी आणि आईची एक नऊवारी आणली. चादरींना आरशापाशी गाठी मारल्या. वाऱ्याचं धाकटी_पातींनी सांगितलेलं लक्षात होतं. @मधला_बाक, काय झालं?

मधला_बाक

उजवे दोन दरवाजे झाले, बोनेट झालं. पेंटरमधले एक मामा स्वतः फडकं घेऊन आले, त्यांनी मागच्या चाकावरचा पत्रा केला. पिशवी घालून हात फिरवला, दारांवर काही लागत नाही. टपावर थोडा दाणा लागतोय, ते आता कडक झालंय. पत्रा_पुट्टी दादा, क्ले आणायला चाललोय. टप उद्या सकाळी, ऊन यायच्या आत.