जुनी माझदा एमएक्स-५ घेताना: क्लब, ग्रँड टूरिंग की स्पोर्ट?

वळणवाट (प्रश्न)

नमस्कार. दोन आसनांची, मागच्या चाकांवर चालणारी आणि छत उघडता येणारी गाडी घ्यायची हे बरीच वर्षे मनात होते. खूप वाचून आणि काही गाड्या चालवून पाहून चौथ्या पिढीच्या एमएक्स-५ वर, म्हणजे २०१५ साली आलेल्या ‘एनडी’वर, मी स्थिरावलो आहे. माझा गोंधळ मॉडेलचा नसून व्हेरिएंटचा आहे.

सध्या तीन गाड्या समोर आहेत. तिन्ही कापडी छताच्या, दोन लिटर इंजिनाच्या आणि सहा गिअरच्या मॅन्युअल आहेत. त्या अमेरिकी बाजारासाठी बनलेल्या असल्यामुळे व्हेरिएंटची नावेही तिथलीच आहेत. पहिली २०१६ ची क्लब असून तिला ब्रेम्बो ब्रेक आणि बीबीएस चाकांचे पॅकेज आहे, मात्र ती बरीच चाललेली आहे. दुसरी २०१७ ची ग्रँड टूरिंग असून ती सर्वांत कमी चाललेली आणि आतून जवळजवळ नव्यासारखी आहे. तिसरी २०१९ ची स्पोर्ट, म्हणजे सर्वांत खालचा व्हेरिएंट, पण वयाने सर्वांत लहान. मागितलेल्या किमतींत फारसा फरक नसल्यामुळे किमतीवरून निर्णय होत नाही.

गाडी रोज कामावर जाण्यासाठी वापरली जाईल आणि त्यात महामार्गाचा भाग मोठा आहे. सुट्टीच्या दिवशी मात्र वळणावळणाचे डोंगरी रस्ते, आणि पुढेमागे कधीतरी ट्रॅक, अशी इच्छा आहे. क्लबच्या यादीत लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल (थोडक्यात एलएसडी; डिफरेन्शियल म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांत वाटणारा भाग) आणि बिलस्टीनचे शॉक अॅब्सॉर्बर, तर ग्रँड टूरिंगच्या यादीत तापणाऱ्या चामडी सीट आणि वळणाच्या दिशेने फिरणारे हेडलाइट. या दोन याद्या एकाच मापाने कशा मोजायच्या, हे जाणकारांनी सांगावे.

तिसरागिअर

या याद्या एका मापाने मोजता येत नाहीत, म्हणून माप बदलावे. प्रत्येक गोष्टीपुढे एवढाच प्रश्न ठेवावा, की ही मला नंतर बसवून घेता येईल का, आणि येत असेल तर किती खटाटोपाने. क्लबमधली, पुढच्या दोन शॉक टॉवरना (शॉक अॅब्सॉर्बर वरून जिथे जोडलेले असतात त्या जागांना) जोडणारी दांडी काही बोल्ट आवळून बसते. शॉक अॅब्सॉर्बर कोणत्याही गाडीत कधी ना कधी बदलावेच लागतात, त्यामुळे तेव्हा बिलस्टीन घालता येतात. चाके आणि टायर तर बदलत राहण्याचीच वस्तू आहे. याउलट डिफरेन्शियल बदलायचा म्हणजे गाडीचा मागचा भाग खालून उघडावा लागतो, आणि जुळणाऱ्या गिअर-गुणोत्तराचा संपूर्ण डिफरेन्शियल मिळवावा लागतो. तापणाऱ्या सीट आणि फिरणारे हेडलाइट यांचे वायरिंग व नियंत्रक कारखान्यात बसलेले असतात, म्हणून ते नंतर घालण्याच्या फंदात सहसा कोणी पडत नाही.

आता लिमिटेड स्लिप डिफरेन्शियलविषयी, कारण क्लबचे खरे मोल त्यातच आहे. तीव्र वळणात गाडीचे वजन बाहेरच्या बाजूला जाते आणि आतले मागचे चाक हलके होते. साध्या डिफरेन्शियलमध्ये दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क (फिरवण्याचा जोर) मिळतो, त्यामुळे हलक्या चाकाला जेवढा पेलवतो तेवढाच बाहेरच्या चाकाला मिळतो. वळणातून बाहेर पडताना तुम्ही पेडल दाबले की आतले चाक घसरते, मग ट्रॅक्शन कंट्रोल त्या चाकाला ब्रेक लावते किंवा इंजिनाची ताकद कापते, आणि ज्या क्षणी गाडीने पुढे झेप घ्यायची त्याच क्षणी ती अडखळते. एलएसडी दोन चाकांच्या वेगातील फरकावर बंधन घालत असल्यामुळे पकड असलेल्या बाहेरच्या चाकाकडे अधिक टॉर्क जातो आणि पेडलच्या बोलण्याला गाडी उत्तर देते. डोंगरी रस्त्यावर जोमाने चालवणाऱ्याला हा फरक जाणवतो आणि ट्रॅकवर तर तो प्रत्येक फेरीत जाणवतो. म्हणून मी क्लबच्या बाजूने आहे. क्लबच्या नावाखाली ऑटोमॅटिक गाड्याही विकल्या गेल्या आणि त्यांत हा डिफरेन्शियल नव्हता, हे इतर वाचकांनी लक्षात ठेवावे.

मोकळेछत

एलएसडीचे वर्णन अचूक आहे, पण प्रश्नकर्त्याच्या वापराकडे पुरेसे लक्ष दिलेले दिसत नाही. कामावर जाताना महामार्गावर ज्या वेगाने आणि ज्या सौम्य वळणांतून गाडी जाते, तिथे आतले चाक हलके होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तिथे रोज सोबत करतात ते आवाज, थंडी आणि खालून येणारे धक्के. ग्रँड टूरिंगच्या कापडी छताला आतून अस्तर आहे आणि त्यामुळे महामार्गावरील आवाज काही प्रमाणात कमी होतो. तापणाऱ्या सीटला अनेक जण चैन समजतात, पण उघड्या छताच्या गाडीत त्यांच्यामुळे थंडीच्या दिवसांतही छत उघडे ठेवता येते. ज्या कारणासाठी ही गाडी घेतली, त्याच कारणाचा कालावधी वर्षातून काही महिन्यांनी वाढतो, आणि मला ही मोठी गोष्ट वाटते.

ग्रँड टूरिंगचे सस्पेन्शन मऊ आहे व वळणात गाडी थोडी झुकते, हे खरे. परंतु सुमारे १०६० किलो वजनाच्या गाडीत ते झुकणे भीतीदायक नसते. उलट पकड किती उरली आहे हे त्यातून लवकर समजते. खराब रस्त्यावर रोज जायचे असेल, तर क्लबचा कडकपणा काही दिवसांनी नकोसा होऊ शकतो.

आणखी एक सांगावेसे वाटते. २०१६ ची क्लब बरीच चाललेली आहे असे लिहिले आहे. जाहिरातीत बिलस्टीनचे नाव असले तरी शॉक अॅब्सॉर्बर झिजणारी वस्तू आहे, आणि एवढ्या वापरानंतर त्यांच्यातला दम कितपत उरला असेल याची शंका घ्यायला हवी. त्यांच्या अंगावर तेलाचा ओलावा दिसला किंवा टायरवर उंचसखल झीज दिसली, तर तुम्ही फक्त नावाचे पैसे देत आहात. बीबीएसची फोर्ज्ड (धातू दाबून घडवलेली) चाके हलकी व उत्तम आहेत, पण फुटपाथाला घासून वाकलेले एखादे चाक बदलणे साध्या चाकापेक्षा कितीतरी महाग पडते. चारही चाके फिरवून, काठ बारकाईने पाहूनच पुढे जावे.

रेडलाइन

दोघांनी व्हेरिएंटची तुलना छान केली आहे, पण या तीन गाड्यांतील सर्वांत मोठा फरक व्हेरिएंटचा नाहीच. तो वर्षाचा आहे.

२०१९ च्या मॉडेलपासून दोन लिटरचे इंजिन जवळजवळ नव्याने घडवले गेले. पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड हलके झाले, व्हॉल्व्ह व थ्रॉटल मोठे झाले, आणि ताकद १५५ वरून १८१ अश्वशक्तीवर गेली. आकड्यापेक्षा महत्त्वाचे म्हणजे रेडलाइन (इंजिनाच्या फेऱ्यांची कमाल मर्यादा) ६८०० वरून ७५०० आरपीएमवर सरकली. जुने इंजिन वरच्या टप्प्यात दमल्यासारखे वाटते, तर नवे तिथेच खुलते. ओव्हरटेक करताना किंवा चढावर खालचा गिअर थोडा अधिक काळ धरून ठेवता येतो. त्याच वर्षी स्टीअरिंग पुढेमागे सरकवण्याची सोय आली. त्याआधी ते फक्त वरखाली होत असे. मागचा कॅमेराही अमेरिकी गाड्यांत तेव्हापासून खालच्या व्हेरिएंटपर्यंत पोहोचला. कॅमेरा सोडला तर यांतील एकही गोष्ट जुन्या गाडीत सहजपणे घालता येणार नाही. म्हणजे ‘तिसरागिअर’ यांचीच कसोटी लावली, तरी उत्तर स्पोर्ट असे येते.

शिवाय स्पोर्टची १६ इंची चाके आणि १९५ मिलिमीटर रुंदीचे टायर यांकडे लोक कमीपणाने पाहतात, ते मला पटत नाही. टायरची बाजू उंच असल्यामुळे खड्डे सुसह्य होतात, टायर स्वस्त पडतात, आणि पकडीची मर्यादा थोडी आधी येत असल्यामुळे रस्त्यावरील वेगातही गाडी खेळवण्याचा आनंद मिळतो.

पहिल्या दोन गाड्यांबाबत एक सावधगिरी सांगतो. सुरुवातीच्या काळातील काही एनडी गाड्यांत मॅन्युअल गिअरबॉक्स निकामी झाल्याच्या तक्रारी आल्या होत्या आणि पुढे त्याच्या आतील भागांत टप्प्याटप्प्याने सुधारणा झाल्या. म्हणून २०१६ आणि २०१७ च्या गाडीचे सर्व्हिस रेकॉर्ड पाहताना गिअरबॉक्स बदलला आहे का हे आवर्जून विचारा. बदलल्याची नोंद असेल तर ती गाडीच्या बाजूची गोष्ट मानावी.

वळणवाट

सर्वांचे मनापासून आभार. स्टीअरिंगचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता आणि तो माझ्यासाठी निर्णायक ठरण्याची शक्यता आहे, कारण माझे पाय लांब आहेत. ग्रँड टूरिंगमध्ये बसलो तेव्हा गुडघ्यांना जागा मिळावी म्हणून सीट मागे घेतली की हात जवळजवळ सरळ होत होते. तेव्हा ते गाडीच्या लहान आकारामुळे होत असावे असे वाटले होते. स्पोर्टमध्ये अजून बसलेलो नाही. या आठवड्यात बसून पाहतो.

एक शंका उरते. स्पोर्ट घेतली आणि पुढे एलएसडीची गरज वाटली, तर ते काम करण्यासारखे असते का? आणि एखाद्या गाडीत एलएसडी खरोखर आहे, हे विक्रेत्याच्या शब्दावर न विसंबता कसे तपासावे?

तिसरागिअर

स्टीअरिंगची अडचण असेल तर माझे मत बदलते. सरळ हातांनी वळणे घेणाऱ्याला एलएसडीचा उपयोग कमीच होईल, कारण गाडीकडून येणारी सूचना आधी बोटांना आणि मनगटांना कळावी लागते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. मागची दोन्ही चाके जमिनीवरून उचलून गाडी पक्क्या स्टँडवर ठेवा, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडथळे लावा, गिअर न्यूट्रलमध्ये घ्या, हँडब्रेक सोडा आणि एक चाक हाताने फिरवा. दुसरे चाक उलट दिशेने फिरले तर डिफरेन्शियल साधा आहे. त्याच दिशेने फिरले आणि हाताला विरोध जाणवला तर एलएसडी आहे. काही प्रकारच्या एलएसडींत ही चाचणी फसवी ठरते, म्हणून गाडीच्या व्हीआयएन (ओळख) क्रमांकावरून मूळ उपकरणांची यादी अधिकृत विक्रेत्याकडून मिळवणे अधिक चांगले. क्लबचा बिल्ला आणि स्पॉयलर बाजारात सुटे मिळतात, हेही ध्यानात असू द्या.

पहिल्या प्रश्नाविषयी: काम करण्यासारखे आहे, पण लगेच नाही. आहे त्या स्थितीत गाडी वर्षभर चालवा. आतले चाक घसरून गाडी अडखळते हे डोंगरी रस्त्यावर तुम्हाला वारंवार जाणवू लागले, तर अपघातात निकामी झालेल्या क्लबमधला संपूर्ण डिफरेन्शियल गुणोत्तर जुळवून घ्या आणि तेल नवे घालूनच तो बसवा. त्याआधी चांगले टायर आणि अचूक व्हील अलाइनमेंट यांवर खर्च करा, कारण स्पोर्टमध्ये सर्वांत मोठा फरक तिथेच पडेल.

मोकळेछत

स्पोर्ट पाहायला जाल तेव्हा कापडी छताच्या घड्या उलगडून शिवणी आणि मागच्या कोपऱ्यांतील पाणी वाहून जाण्याची छिद्रे अवश्य पाहा. ती पानांनी आणि धुळीने बुजली की पाणी आत साचते आणि त्याचा पत्ता उशिरा लागतो. सीटमागचा गालिचा हाताने दाबून ओलावा लागतो का, हेही तपासा. इंजिन पूर्ण थंड असताना गाडी सुरू करायला सांगा, आणि दुसऱ्या व तिसऱ्या गिअरमध्ये थंड व गरम अशा दोन्ही वेळी बदल करून पाहा. कुरकुर किंवा गिअर निसटणे जाणवले तर गाडी कितीही चकचकीत असली तरी तिथेच थांबा. तसे झाले तर ग्रँड टूरिंग अजून विकायची आहे का ते विचारा, पण तीत बसताना या वेळी पाठ टेकवून, हात सरळ लांबवून मनगट स्टीअरिंगच्या वरच्या काठावर टेकते का, ते आधी पाहा.