काळे पट्टे रिकामे नाहीत
प्रश्न असा, की सर्पिल दीर्घिकेच्या (भोवऱ्यासारख्या भुजा असलेल्या, अब्जावधी ताऱ्यांच्या समूहाच्या) फोटोत भुजांना लागून काळे पट्टे दिसतात, तिथे तारे नसतात का? असतात, भरपूर असतात! त्यांच्यापुढे धूळ येते. सिलिकेट आणि कार्बनचे कण, बहुतेक मायक्रॉनहूनही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही) बारीक, म्हातारे तारे बाहेर टाकतात ते. हे कण निळा प्रकाश जास्त अडवतात, लाल कमी, म्हणून पट्ट्याच्या कडेचे तारे तांबूस दिसतात.

भुजांच्या मधल्या जागेतही तारे दाटच असतात. भुजा उठून दिसतात त्या तिथे नुकत्याच जन्मलेल्या निळ्या ताऱ्यांमुळे. त्यातले सर्वांत जड तारे काही दशलक्ष वर्षांतच संपतात, भुजेबाहेर पडायलाही त्यांना वेळ मिळत नाही. सूर्याला मात्र आकाशगंगेच्या केंद्राभोवतीच्या एका फेरीला साधारण २३ कोटी वर्षं लागतात.

आपल्याच आकाशगंगेतला असा पट्टा बघायचा तर पुण्याच्या दिव्यांपासून लांब, वेल्ह्याच्या पुढे जा. मे महिन्यातली अमावस्या, मध्यरात्रीनंतर. हंस तारकासमूहापासून धनूपर्यंत आकाशगंगा मधोमध चिरल्यासारखी दिसते, ती हीच धूळ. रेडिओ लहरींना मात्र ती अडवत नाही. पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना हायड्रोजन वायूतून येणाऱ्या २१ सेंटिमीटर लांबीच्या रेडिओ लहरी टिपतात, त्या या धुळीतून आरपार येतात.