गळ टाकायचे दिवस : तुमचे अनुभव

ज्यांना एकेकाळी गरवण्याचा नाद होता आणि पुढे तो सुटला, त्यांनी इथे लिहावं. कुठल्या पाण्यावर बसायचात, गरीला काय लावायचात, का थांबलात, सगळं वाचायचंय. सुरुवात मी करतो.

माझं पाणी म्हणजे मालवणाजवळची कर्लीची खाडी. काका पंचांग बघून दिवस ठरवायचे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ इतकी की शिसं तळाला ठरत नाही. अष्टमी-नवमीच्या भांगाला पाणी संथ असतं, तेव्हा जायचं. जिवंत सुंगट (कोळंबी) शेपटीकडून गरीत ओवायचं, म्हणजे ते पाण्यात हलत राहतं आणि तांबोशी त्यावर येते. काठी नसायचीच, तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, थेट तर्जनीवर. बारीक मासा टोचत बसतो, तांबोशी एकदम हिसका देते. काळोखात कोण आलंय ते बोटाला कळायचं. काका गेले आणि माझं जाणं थांबलं. मासे आहेत, गऱ्या घरात आहेत, पण शेजारून ‘थांब, आत्ता ओढू नको’ म्हणणारं माणूस नाही. एकट्याने बसवत नाही.

भीमाकाठचा : आमचं गाव उजनीच्या फुगवट्याला. गांडूळ, बांबूची काठी आणि जोंधळ्याच्या ताटातल्या भेंडाचा तरंगा. वडिलांच्या तोंडी कायम मरळ आणि वाम. माझ्या वाट्याला बहुतेक चिलापीच आली. हा मूळचा आफ्रिकेतला मासा भारतात 1952 साली आणला. मादी अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे पिल्लं वाचतात आणि बघता बघता पाणी भरून जातं. भिगवणला तळलेली चिलापी मी आवडीने खातो. पण गळ टाकला की तीच लागणार हे आधीच ठाऊक झालं, तेव्हा माझं मन उडालं. काय येईल हे माहीत नसणं, यासाठीच तर मी तासन्‌तास बसायचो.

पाऊसवेडी : गळ नाही, पण चढणीच्या मासळीबद्दल लिहिते. मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की नदीतले मासे वहाळातून थेट भातखाचरात चढतात. रात्री बत्ती घेऊन अख्खी वाडी बाहेर पडायची, आम्ही मुली टोपल्या घेऊन पुढे. त्या ओल्या रात्रींइतका आनंद मला नंतर कशात मिळाला नाही. घरी मासे साफ करताना मात्र जवळजवळ प्रत्येक मासळीच्या पोटात गाभोळी निघायची. ते अंडी घालायलाच चढत असतात. हे आजीने समजावलं तेव्हापासून मी गेले नाही. गावात आता मासे चढतातही कमी, आणि ते मला फार लागतं.

नॉटिंगहॅमकर : इथे ट्रेंट नदीवर बरीच वर्षं गळ टाकला. आधी परवाना काढायचा, आणि बार्बल लागला की ओल्या हातांनी सोडवून परत पाण्यात सोडायचा. हा आपल्या महसीरच्या गोतातला मासा, अंगात तशीच ताकद. नदीवर 15 मार्च ते 15 जून बंदी, विणीचा काळ म्हणून. पाऊसवेडी, तुमचं वाचून वाटलं की कोकणात यांत्रिक होड्या जून-जुलै बंद असतात, तशी चढणीच्या पहिल्या आठवड्यापुरती वाडीनेच बंदी पाळली तर? आमच्या गावी या मे महिन्यात मी हा विषय काढणार आहे. माझा स्वतःचा गळ पाठदुखीने सुटला, एवढंच. खाडीवाले, तुमच्या शेजारी मात्र मी आनंदाने बसेन.