क्यूबसॅटच्या मागे लँगम्युर प्रोब लावला तर चालेल का?

क्यूबसॅटवाला: ५०० किमी कक्षा, ३यू क्यूबसॅट (तीन घनांएवढा छोटा उपग्रह), १० × १० सेंमीची बाजू पुढे. पुढे जागा नाही म्हणून प्रोब (प्लाझ्माची, म्हणजे आयन-इलेक्ट्रॉनांच्या वायूची, घनता आणि तापमान मोजणारं टोक) मागच्या बाजूला २० सेंमी बूमवर, म्हणजे दांड्यावर, टाकायचा बेत आहे. तिथली घनता ठरावीक गुणकाने दुरुस्त करता येईल ना?

निर्वात: नाही येणार. उपग्रह ७.६ किमी/से वेगाने पळतो, आणि १००० केल्विनला ऑक्सिजन आयनांचा औष्णिक वेग जेमतेम १ किमी/से. मागची रिकामी जागा ते ७-८ अंशांच्या कोनातच भरत येतात. ५ सेंमी अर्धी रुंदी भरेपर्यंत उपग्रह साधारण ३८ सेंमी पुढे गेलेला असतो. तुमचा प्रोब ऐन पोकळीत बसतो.
इलेक्ट्रॉन कितीतरी वेगवान, ते आधी आत शिरतात. पण सोबत आयन नसल्याने तिथे ऋण विभव तयार होतो आणि नंतर येणाऱ्या इलेक्ट्रॉनांना अडवतो, म्हणून त्यांचीही घनता पडते. तापमानावरही विसंबू नका: एक्सप्लोरर ३१ या उपग्रहाच्या मागे इलेक्ट्रॉन तापमान वाढलेलं नोंदलं गेलं होतं.
गुणक ठरत नाही तो हायड्रोजनमुळे. त्याचे आयन तेवढ्याच तापमानाला चौपट वेगवान. रात्री, विशेषतः सौरचक्र मंद असताना, त्यांचं प्रमाण वाढलं की पोकळी लवकर भरते.

क्यूबसॅटवाला: मग बाजूला काढू. किती लांब?

डिबाय: घनता घनसेंमीला १ लाख, तापमान २००० केल्विन धरलं तर डिबाय लांबी (एखाद्या विद्युतभाराचा प्रभाव प्लाझ्मात साधारण जेवढ्या अंतरात झाकला जातो ते अंतर) १ सेंमी, रात्री घनता दहापट घटली की २-३ सेंमी. प्रोब उपग्रहाच्या प्रभावाबाहेर राहावा म्हणून ३० सेंमी बूम ठेवा, शक्य असेल तर टोक पुढे झुकवून.
याहून मोठी अडचण विद्युतप्रवाहाची, आणि ती हमखास विसरली जाते. वरच्याच घनतेला पुढच्या बाजूवर आयनांचा प्रवाह फक्त १.२ मायक्रोअँपिअर. १ चौ.सेंमी पृष्ठभागाचा गोल प्रोब प्लाझ्मापेक्षा ५ व्होल्ट वर नेला तर तो ३ मायक्रोअँपिअरच्या वर इलेक्ट्रॉन-प्रवाह ओढू पाहतो. त्याची भरपाई करणारा आयनांचा परतीचा प्रवाह पुरत नाही, सगळा उपग्रहच ऋण होतो आणि प्रोबच्या प्रवाह-व्होल्ट आलेखाचा वरचा भाग लोळतो. ॲनोडाइज्ड (ऑक्साइडचा थर चढवलेली) फ्रेम विद्युतरोधक असते, तिच्यावर भिस्त नको. उघडा वाहक पृष्ठभाग वाढवा, प्रोब लहान करा, स्वीप (प्रोबचं व्होल्टेज चढवत नेणं) कमी व्होल्टपर्यंत ठेवा.

निर्वात: कक्षेत गेल्यावर उपग्रह सावकाश आडवा फिरवून आयन-प्रवाह विरुद्ध कोन असा आलेख काढा. प्रोब उपग्रहामागच्या पोकळीत शिरतो तो कोन लगेच कळतो. दिवस आणि रात्र, दोन्ही वेळा करा.