मदत हवी आहे: पोस्टडॉकच्या दोन ऑफर, शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय

फिरकी:
क्वांटम कॉम्प्युटिंगमधली पीएचडी संपत आली, आता पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची तात्पुरती संशोधनाची नोकरी. एक ऑफर विद्यापीठातली, दोन वर्षांची. दुसरी कंपनीची, पगार बराच जास्त. पुढे स्वतःचा संशोधन ग्रुप काढायचाय. कुठली घेऊ? ‘मनाचा कौल घ्या’ वगैरे नको, प्लीज.

मिलिकेल्विन:
थिअरी की एक्सपरिमेंट? क्यूबिट, म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरचा बिट, कुठला? ग्रुप जुना की नवा? एवढं तरी सांगा.

फिरकी:
एक्सपरिमेंटच हो. ट्रॅप्ड आयन, म्हणजे अडकवून ठेवलेले, लेझरने हाताळायचे आयन. कंपनीही आयनवाली. विद्यापीठातला ग्रुप सुपरकंडक्टिंगवाला, म्हणजे चिप आणि मायक्रोवेव्हवाला, नवा.

जुनाखोड:
म्हणजे इतकी वर्षं लेझर अलाइन करण्यात घालवली आणि आता मायक्रोवेव्हची बाराखडी गिरवणार? काहीतरीच. आयन सोडू नका.

मिलिकेल्विन:
मग पोस्टडॉक करायचा कशाला? मी फोटॉनिक्समधून, म्हणजे प्रकाशावरच्या कामातून, इकडे सुपरकंडक्टिंगला आलो. पहिले आठ महिने रडलो, पण आता दोन्हीकडचं कळतं. मिशेल देव्होरे १९८० च्या दशकात अमेरिकेत बर्कलीला जॉन क्लार्क यांच्याकडे पोस्टडॉकच होते. जॉन मार्टिनिस तिथेच पीएचडी करत होते. तिथल्या सुपरकंडक्टिंग सर्किटवरच्या कामासाठी तिघांना भौतिकशास्त्राचं २०२५ चं नोबेल मिळालं.

जुनाखोड:
चाळीस वर्षांनी! तोवर काँट्रॅक्ट किती वेळा वाढवून घ्यायचं?

निरभ्र:
क्वांटम हा नुसता फुगा आहे. डेटा सायन्सकडे वळा.

फिरकी:
कोणी विचारलं?

ऊनपाऊस:
युरोपियन युनियनच्या मेरी क्युरी फेलोशिपचं बघितलंत का? पीएचडीनंतर ८ वर्षांच्या आत अर्ज करता येतो. मात्र मागच्या ३६ महिन्यांत, जिथे जायचंय त्या देशात १२ महिन्यांहून जास्त राहिला असाल तर बाद. स्वतःचा निधी घेऊन गेलं की ग्रुपमध्ये वजन राहतं.

फिरकी:
तिचा निकाल काही शुक्रवारपर्यंत लागत नाही.

मिलिकेल्विन:
ग्रुप नवा आहे ना? मग फ्रिज आलाय का?

वाटसरू:
फ्रिजची काळजी नको. भाड्याच्या घरात बहुतेक असतोच, नाहीतर सेकंडहँड घ्या.

मिलिकेल्विन:
अहो, डायल्यूशन रेफ्रिजरेटर! १०-२० मिलिकेल्विनपर्यंत गार करतो. त्याच्याशिवाय तो क्यूबिट म्हणजे नुसती चिप.

फिरकी:
ऑर्डर दिलीय म्हणाले.

जुनाखोड:
झालं! पहिलं वर्ष वाट बघण्यात आणि वायरिंगमध्ये जाणार. पेपर कधी लिहिणार?

मिलिकेल्विन:
इथे जुनाखोडशी सहमत, आजची तारीख लिहून ठेवा. पण स्वतःचा ग्रुप काढायचा तर लॅब शून्यातून उभी राहताना एकदा बघायलाच हवी. तिसरं वर्ष मागा, आणि लेखी घ्या.

ऊनपाऊस:
कंपनी पेपर छापू देते का? काँट्रॅक्टमधलं कलम वाचा. पेपर नसतील तर पुढे विद्यापीठात परत शिरणं कठीण.

फिरकी:
वाचलं. ‘लेखी पूर्वपरवानगीने’ असं आहे. परवानगी किती दिवसांत, याबद्दल अवाक्षर नाही. दोन्हीकडे मेल टाकलेत.

वाटसरू:
१० मिलिकेल्विन म्हणजे फ्रीझरपेक्षा किती गार?

मिलिकेल्विन:
घरचा फ्रीझर २५५ केल्विनच्या आसपास असतो. करा भागाकार.